‘प्रयत्न कमी’ हा माझा शेरा

माझ्या विभागातल्या एका खुर्चीला हात नव्हते. ती मी मुद्दाम तशी निवडली होती. लाकडी, सरळ पाठीची, मागे सरकू नये म्हणून भिंतीला टेकवलेली. पेशंटने दोन्ही हातांची छातीशी घडी घालायची आणि मी ‘सुरू’ म्हटलं की उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. अर्धा मिनिट. मी स्टॉपवॉच धरून मोजायची. जो आकडा येईल तो वहीत. दिसायला पोरखेळ, पण त्या एका आकड्यावरून मांड्यांची ताकद, गुडघ्यांची हालत आणि माणसाचा दम, या सगळ्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मी एकतीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. त्यातली शेवटची वीस नाशिकमधल्या एकाच रुग्णालयात. आमचं काम म्हणजे मालिश, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. खरं तर आम्ही माणसांना हलवतो. ऑपरेशन डॉक्टर करतात, टाके घालून निघून जातात. त्यानंतर तो पाय जमिनीवर टेकवायला लावणं, दुखतंय म्हणून ओरडणाऱ्याला आणखी दोन पावलं चालवणं, हे आमच्याकडे. त्यामुळे आमच्या धंद्यात गोड बोलणारे आणि कडक बोलणारे असे दोन प्रकार असतात. मी दुसऱ्या प्रकारातली. वॉर्डात माझं नाव ‘हेडबाई’ होतं आणि मला ते आवडायचं.

पंचवटीतले एक गुरुजी खुब्याचं हाड मोडून आले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “बाई, मला घाटाच्या पायऱ्या फक्त उतरायला शिकवा. चढवणारा वर बसलाय.” मी म्हटलं, “गुरुजी, तो चढवायच्या आधी तुम्हाला चार महिने मी चढवणार आहे.” चौथ्या महिन्यात ते काठी घेऊन दोन्ही करू लागले आणि माझ्या कडकपणाची तक्रार करायला स्वतःच्या पायांनी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनपर्यंत गेले. ती तक्रार मी बक्षीस समजले.

असे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत आणि जेवणाच्या टेबलावर मी ते रंगवून सांगते. आज जो सांगणार आहे, तो मी घरातसुद्धा सांगितला नव्हता. ह्यांना गेल्या महिन्यात पहिल्यांदा सांगितला, हा लेख लिहायचं ठरल्यावर. ज्या बाईबद्दल आहे तिला विचारून लिहिते आहे. नाव तेवढं बदललं आहे. तिला आपण रंजना म्हणू.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी वजनाचा वर्ग घ्यायची. वजन जास्त आणि गुडघे दुखतात, अशा दहा-बारा जणांना आमचे हाडांचे डॉक्टर बारा आठवड्यांसाठी माझ्याकडे पाठवत. या वर्गात मी खुर्चीच्या दोन फेऱ्या घ्यायची. अर्धा मिनिट उठबस, मग दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा अर्धा मिनिट. दुसरी फेरी ही माझी स्वतःची भर होती. आता खरं सांगायचं तर ती मी कुठल्या शास्त्रासाठी सुरू केली नव्हती. पहिल्या फेरीत सगळेच जोर लावतात. दुसऱ्या फेरीत कोण चिवट आणि कोण रडका ते कळतं, असं माझं मत होतं. वर्गातल्या सगळ्यांसमोर मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचायची.

रंजना आली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. मखमलाबादच्या पुढे त्यांची शेती. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. माल पंचवटीच्या बाजारात यायचा आणि तिथे पाटीमागे बसून विकायची ती रंजना. नवरा सुकदेव वर्गाच्या दाराशी उभा राहून मला सांगत होता, “मॅडम, हिचा आवाज बाजारात दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. आता दोन वाफे खुडले की बसती. जावेला बसवलंय पाटीवर.” त्याच्या बोलण्यात राग होता तसं आश्चर्यही होतं. आश्चर्य मला तेव्हा ऐकू आलं नाही.

नवीन पेशंटची माहिती लिहून घ्यायचा एक कागद असतो. त्यात आधीचे आजार, दुखापत, ऑपरेशन असे रकाने असतात. त्या दिवशी वर्ग सुरू व्हायला उशीर झाला होता. सुकदेव बाहेर निघून गेला होता आणि मी उभ्यानेच विचारत होते.

“आधी काही मोठं दुखणं?”

“पडले होते मॅडम. दोन वर्षं झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फुलं घेऊन यांच्या गाडीवर मागं बसले व्हते. गाडी घसरली. डोक्यावर पडले. एक दिवस शुद्धच नव्हती.”

“आता काही आहे का त्याचं?”

“डोकं नाय दुखत. पर तवापासून काय तरी बिघडलंय. अंगात जीवच नाय. वजन वाढत चाललं. पाळी बंद झाली. थंडी लय वाजती.”

“पाळीचं बाईंच्या डॉक्टरांना सांग. इथे गुडघ्याचं बोलू या.”

दुखापतीच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली. म्हणजे काही नाही. तिने एका दमात चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या चारी माझ्या पेनाखालून निघून गेल्या. उशीर झाला होता हे कारण मी पुढे स्वतःला खूप वेळा दिलं. पण खरं कारण ते नव्हतं. ती दारातून आत आली तेव्हाच, तिच्या पोटाकडे आणि जड चालीकडे बघून, माझं निदान झालं होतं.

तिची पहिली फेरी अकरा. तिच्या वजनाच्या मानाने चांगली. दोन मिनिटांनी दुसरी फेरी पाच.

पाचव्या वेळेला ती अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. मांड्या थरथरत होत्या. मी म्हटलं, “अजून बारा सेकंद आहेत.” ती तशीच बसून राहिली.

पुढच्या वेळी बारा आणि पाच. त्यापुढे अकरा आणि चार. वर्गात साठीच्या दोन बायका होत्या, त्यांचे दहा आणि आठ, दहा आणि नऊ असे आकडे यायचे. एका शुक्रवारी मी रंजनाला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि म्हटलं, “बघा, हिची पहिली फेरी तुमच्या सगळ्यांपेक्षा वर. म्हणजे ताकद आहे. दुसऱ्या फेरीत मन नाही. वजन पायांत नसतं, डोक्यात असतं.” हे वाक्य मी पुष्कळ वर्गांत वापरलेलं होतं. लोक हसायचे. त्या दिवशीही हसले.

रंजना म्हणाली, “मॅडम, मन हाय. पाय रिकामे व्हत्यात. पुन्यांदा भरतच नाय लवकर.”

“दोन मिनिटं दिली की भरायला!”

“मला दोन मिनिटात नाय भरत.”

यावरही लोक हसले. मीही हसले. आणि पुढचं नाव पुकारलं.

पाचव्या आठवड्यात सुकदेव आला आणि म्हणाला, “मॅडम, आईला दाखवायला काय लिहून द्या ना. फरक पडतोय का नाय, घरी रोज विषय निघतो.” मी रुग्णालयाच्या छापील कागदावर लिहून दिलं. दोन्ही फेऱ्यांचे आकडे लिहिले आणि खाली शेरा मारला: ‘ताकद चांगली. प्रयत्न कमी. इच्छाशक्ती वाढवण्याची गरज.’ सही केली, शिक्का मारला. त्याने तो कागद तिथेच उभा राहून वाचला, चार घड्या केल्या आणि वरच्या खिशात ठेवला. रंजना शेजारीच उभी होती. तिने तो कागद बघायला मागितला नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. नंतरही नाही. मी हजेरीपटावर ‘सोडून गेली’ असं लिहिलं. वर्ग मध्येच सोडणारे निम्मे तरी असतात. मी तिला विसरून गेले.

वर्षभराने आमच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर येऊ लागल्या. संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या तज्ज्ञ. आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनाही इथे वेगळं नाव देते, डॉक्टर मृणाल. एक दिवस दुपारी त्या माझ्या विभागात आल्या, हातात जुनी फाइल. म्हणाल्या, “मॅडम, ही खुर्चीची चाचणी तुम्ही घेतलीत?”

मी फाइल बघितली. रंजनाची. तिला दोन दिवसांपूर्वी आणलं होतं. साधा ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ती फुलांच्या वाफ्यात कोसळली. रक्तदाब इतका खाली गेलेला की अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. साध्या तापाने धडधाकट बाई अशी कोसळत नाही, म्हणून डॉक्टर मृणाल शोधत होत्या. तपासताना केसांत त्यांच्या बोटांना जुना व्रण लागला आणि विचारल्यावर सुकदेवने गाडीवरून पडल्याचं सांगितलं. मग रक्ताच्या तपासण्या, मग मेंदूचा एमआरआय.

“पिट्युटरी ग्रंथी जवळजवळ बंद पडलीय,” त्या म्हणाल्या. “मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी असते. डोक्याला जोरात मार बसला की तिला इजा होऊ शकते आणि ती हळूहळू बंद पडू शकते. हे पुष्कळदा कळतच नाही. या दोन फेऱ्यांचे आकडे बघून मी थांबले. दुसरी फेरी ही कल्पना कोणाची?”

“माझी.”

“फार छान.”

माझ्या चेहऱ्यावर नक्की हसू आलं असणार. मग त्यांनी पान उलटलं. “इथे दुखापतीच्या रकान्यात काही नाही असं आहे. तिने अपघाताबद्दल काही सांगितलं होतं का तुम्हाला?”

मी म्हटलं, “नाही.”

इतकं सोपं असतं. एक शब्द. त्यांनी मान हलवली, “लोक सांगत नाहीत,” असं काहीतरी म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी घरी निघण्याआधी मी रंजनाला बघायला गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा तिला आठवतंय का ते बघायला. तिला वॉर्डात हलवलं होतं. सुकदेव पलंगाशी स्टुलावर बसला होता. मला बघून उठून उभा राहिला आणि तिच्याकडे वळून बोलू लागला, “आता तरी बोल. डॉक्टर म्हणत्यात, अपघाताचं आधीच सांगितलं असतं तर तेव्हाच कळालं असतं. या मॅडम एवढ्या विचारून विचारून लिहितात, यांना का नाय सांगितलं तू? तोंड शिवलं व्हतं का?”

रंजनाने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं लख्ख आठवत होतं. मी वाट बघत होते की ती आता बोलेल. ती बोलली नाही. हाताला सलाइन, ओठ कोरडे, आणि ती नुसती बघत राहिली. मी सुकदेवला म्हटलं, “असू दे, आता त्रास देऊ नका तिला.” म्हणजे तिची बाजू घेण्याचा आव आणला. आणि तिथून बाहेर पडले.

तीन दिवस मी कामावर जात होते, पाय वाकवून घेत होते, पट्ट्या बांधत होते. चौथ्या दिवशी डॉक्टर मृणाल यांच्या खोलीत जाऊन मी दार लावून घेतलं आणि सांगितलं की रंजनाने मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. डोक्यावर पडणं, शुद्ध जाणं, पाळी बंद होणं, थंडी वाजणं. मी लिहिलं नाही, आणि त्या दिवशी खोटं बोलले.

त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फाइल पुढे ओढली आणि त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं.

“तुम्हाला हे माहीतच असेल,” त्या म्हणाल्या, “की स्नायूत ऊर्जेचा एक छोटा तयार साठा असतो.”

माहीत होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते. जिना चढताना, पाटी उचलताना, खुर्चीवरून झटकन उठताना आधी हा तयार साठा वापरला जातो. तो फार पुरत नाही. पण माणूस थांबला की शरीर तो लगेच पुन्हा भरायला घेतं आणि धडधाकट माणसात एक-दोन मिनिटांत तो बराचसा भरून येतो.

“परदेशात संशोधनासाठी माणसाला एमआरआयच्या यंत्रात झोपवून पायाने पट्टी दाबायला लावतात,” त्या पुढे सांगत होत्या, “आणि तो थांबल्यावर साठा किती वेगाने भरतो ते यंत्रातून बघतात. वाढीचं संप्रेरक ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्यातल्या पुष्कळांचा साठा सावकाश भरतो, असं दिसलंय. वाढीचं म्हणजे उंचीचं, असं सगळ्यांना वाटतं. पण मोठेपणीही त्याचं काम चालू असतं. चरबी वापरायला लावणं, स्नायू टिकवणं. पेशीत ऊर्जा तयार होते त्या जागांशीही त्याचा संबंध दिसतो. रंजनाची ग्रंथी ते बनवतच नव्हती. बाकीचीही दोन-तीन संप्रेरकं कमी. तिचे पाय थकत होते म्हणण्यापेक्षा पुन्हा भरत नव्हते.”

भरतच नाय लवकर. हे तिने मला याच शब्दांत सांगितलं होतं, भर वर्गात, आणि मी दहा जणांना हसवलं होतं.

“नुसत्या खुर्चीवरून ग्रंथीचा आजार कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तेवढी अपेक्षा कोणी करणारही नाही. पण अकरा आणि पाच, पुन्हा बारा आणि पाच, पुन्हा अकरा आणि चार. दर वेळी तेच. जो मनापासून करत नाही त्याचे आकडे असे शिस्तीत येत नाहीत. तुम्ही चाचणी उत्तम घेतलीत मॅडम. फक्त वाचली नाहीत.”

मी विचारलं, “वर्गातल्या बाकीच्यांचं काय? ज्यांच्या डोक्याला काही लागलेलं नाही?”

“पोटाभोवती चरबी असलेल्या पुष्कळ लोकांत ग्रंथी चांगली असूनही हे संप्रेरक कमी तयार होतं. वजनामुळे ते कमी होतं, आणि ते कमी म्हणून स्नायू मागे पडतात, असं चक्र असू शकतं. नक्की कशामुळे काय, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. वजन जास्त आहे म्हणून सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची नसतात, तसं कोणी करूही नये. व्यायामच लागतो. फक्त त्यांना मधे थांबायला थोडा जास्त वेळ लागत असेल, एवढं लक्षात ठेवायचं.”

त्या आठवड्यात मी जुन्या वह्या घरी नेल्या. नऊ वर्षांच्या. दुसरी फेरी सुरू केल्यापासून मी प्रत्येकाचे आकडे व्यवस्थित लिहून ठेवले होते. टापटिपीबद्दल मला कोणी नावं ठेवू शकत नाही. वहीत पान पान असे लोक होते ज्यांची पहिली फेरी बरी आणि दुसरी एकदम खाली. नाशिक रोडचे एक सरकारी नोकर होते, फार विनोदी. दुसऱ्या फेरीआधी म्हणायचे, “मॅडम, मी एका फेरीचा गडी. दुसऱ्या फेरीचा पगार मिळत नाही.” त्यांच्या नावापुढे माझा शेरा: ‘टाळाटाळ.’ एक शिक्षिका होत्या, त्या दुसऱ्या फेरीनंतर दर वेळी रडायच्या. त्यांच्यापुढे: ‘भावनाप्रधान. प्रयत्न कमी.’ यातल्या कोणाला काय होतं आणि कोण खरंच टाळत होतं, ते आता कळायला मार्ग नाही. काहींचे फोन लागले नाहीत. ज्यांचे लागले त्यांना मी काय सांगणार होते, ते माझं मलाच ठरवता आलं नाही. शिक्षिकेच्या मुलीने फोन उचलला आणि मी ‘चुकीचा नंबर’ म्हणून ठेवून दिला.

रंजनाला गोळ्या सुरू झाल्या. आधी स्टेरॉइडची, जिच्यावर जीव टिकतो ती, मग थायरॉइडची. काही महिन्यांनी वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शनही सुरू झालं. पेनासारखं असतं, बारीक सुई, रोज स्वतःच पोटावर घ्यायचं. ती दर महिन्याला गुरुवारी तपासणीला यायची आणि मी दर गुरुवारी माझ्या विभागाचं दार आतून ओढून घ्यायची. डॉक्टर मृणाल यांनी फाइलवर दुरुस्ती केली होती. मला एवढंच म्हणाल्या होत्या, “तिच्या घरच्यांना तुम्ही सांगाल ना?” मी हो म्हटलं होतं. त्यालाही पाच महिने झाले होते.

शेवटी तीच आली. दार ढकलून आत आली आणि खुर्चीकडे न बघता माझ्या टेबलासमोर उभी राहिली. अंगाने फारशी उतरली नव्हती. पण चेहऱ्याची सूज गेली होती आणि नजर जागी होती.

मी उठून म्हटलं, “रंजना, मला माफ कर. मी तुझ्या बाबतीत...”

“माफी ऱ्हाऊ द्या मॅडम,” ती म्हणाली. “तुमचा तो कागद घरी हाय अजून. सासूबाईंनी देवाच्या फळीवर जपून ठेवलाय. आता मी बरी व्हायला लागले तरी म्हणत्यात, बघ, मनावर घेतलंस म्हणून झालं. तुम्ही घरी येऊन सांगा.”

मी रविवारी रिक्षा करून गेले. नवा कागद लिहून नेला होता, रुग्णालयाच्याच छापील कागदावर, सही-शिक्क्यासह. घरापुढच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती. सासूबाई, सुकदेव, त्याचा भाऊ आणि जाऊ. रंजना दाराच्या चौकटीला टेकून उभी. जावेने चहा आणला. मी चहा खाली ठेवला आणि वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं की रंजनाने पहिल्या दिवशी अपघाताची आणि त्यानंतरच्या सगळ्या त्रासाची माहिती मला दिली होती, ती मी नोंदवली नाही. तिचा प्रयत्न कधीही कमी नव्हता. माझा आधीचा शेरा चुकीचा होता आणि तिचा आजार उशिरा कळण्याला माझा निष्काळजीपणाही कारण आहे.

सुकदेव म्हणाला, “म्हंजे तिनं सांगितलं व्हतं?”

“हो. पहिल्याच दिवशी.”

“आन् मी दवाखान्यात तिला तुमच्यासमोर बोललो, तवा तुम्ही तिथंच व्हता.”

“हो.”

तो चप्पल न घालता ओट्यावरून उतरला आणि विहिरीच्या बाजूला निघून गेला. तिला फुलांसकट गाडीवर मागे बसवून आणणारा तोच होता. गाडी त्याच्याच हातून घसरली होती. त्याला काय काय आठवलं असेल ते मी विचारू शकत नव्हते.

सासूबाईंनी पदर सावरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आम्ही अडाणी माणसं, बाई. मी तिला बोलायची, खोटं कशाला सांगू? पर मनात यायचं, ही पोर अशी नव्हती. एवढी कामाची बाई एकाएकी आळशी कशी व्हईल? मग तुमचा कागद आला, आन् माझी शंका मिटली.”

मी पुष्कळ ओरडा खाल्लेला आहे. तरुणपणी वरिष्ठांचा, नंतर पेशंटच्या नातेवाइकांचा. पण त्या म्हातारीच्या शांत बोलण्याने मला जेवढं उघडं पाडलं तेवढं कोणीच पाडलं नाही. त्या घरात रंजनाच्या बाजूने एकच गोष्ट उरली होती, सासूच्या मनातली शंका. ती माझ्या शिक्क्याने गेली.

सासूबाई आत गेल्या, जुना कागद घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. नवा त्यांनी ठेवून घेतला.

वर्षभराने मी मुदतीच्या आधी निवृत्ती घेतली. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. निवृत्त होईपर्यंत दोन फेऱ्यांची चाचणी मी घेत राहिले, पण विश्रांतीची वेळ प्रत्येकाने स्वतः सांगायची, मी फक्त ती नोंदवायची. आकडे मोठ्याने वाचणं बंद केलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. नऊ वर्षं उशिरा केलेली गोष्ट आहे.

त्या रविवारी मात्र मी ओट्यावरून उठले तेव्हा रंजना मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. दोन्ही बाजूंना झेंडू होता. रिक्षा यायला वेळ होता. 

मी विचारलं, “रंजनाताई, तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात बोलला का नाहीत? मी खोटं बोलले हे तुम्हाला माहीत होतं. राग नाही आला माझा?”

ती माझ्याकडे वळली. “राग यायलाबी अंगात जोर लागतो मॅडम. तवा नव्हता. आता येतो.”

आणि ती बोलायला लागली. वर्गात सगळे हसले तेव्हा तिला काय वाटलं, जावेच्या हातात पाटी देताना काय वाटलं, घरात एक वर्ष तिच्याशी कोण कसं बोललं, सगळं. आवाज चढत गेला. पलीकडच्या वावरातली माणसं काम थांबवून बघू लागली. रिक्षा येऊन उभी राहिली, रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, तरी ती बोलत होती. मी मान खाली घालून ऐकत होते. बराच वेळ गेला. ती एकदाही दम घ्यायला थांबली नाही.